पीडीएफ जोडणी : संकेतस्थळ की संगणकावरील सॉफ्टवेअर?
सोलापुरातल्या डाळिंब बागायतदाराला कर्जाच्या अर्जासाठी सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाचे पान एकाच पीडीएफमध्ये जोडायचे असेल, तर संकेतस्थळावर हे काम मोबाइलवरूनही होते. मात्र बहुतेक संकेतस्थळांवर कागदपत्रे परक्या सर्व्हरवर चढवावी लागतात, आणि आधारच्या बाबतीत मला ते मुळीच पटत नाही. ‘पीडीएफसॅम बेसिक’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर एकदा बसवले की फायली बाहेर जात नाहीत, इंटरनेट नसले तरी काम अडत नाही आणि सातबारा आधी हवा असल्यास यादीतली ती ओळ वर सरकवता येते. मोबाइलवर मात्र ते चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कोणत्याही मार्गाने जोडला, तरी एकत्रित फाईलमध्ये त्या स्वाक्षरीची पडताळणी होत नाही; म्हणून मूळ फाईल वेगळी जपावी.