५० एमएम एफ/१.८, आठ महिन्यांनंतर: घरातले फोटो, घरातलं मांजर-कुत्रं आणि ३५ सेंटिमीटर

माझ्या ५० एमएम एफ/१.८ या झूम नसलेल्या लेन्सची आतली नळी अडकली, म्हणून आज हे लिहायला घेतलं. जवळचा फोकस घेताना ही नळी काही मिलिमीटर बाहेर येते. नेमक्या त्या वेळी कुत्र्याने हुंगायला नाक लावून ढकललं, की दाब थेट आतल्या बारीक गिअरवर जातो. मग मोटर घरघरते आणि फोकस अर्ध्यावर थांबतो. दुरुस्तीचा खर्च जवळपास नव्या लेन्सइतका सांगितला आणि ‘बाहेरचा धक्का’ म्हणून वॉरंटी नाकारली. चीड याचीच येते, कारण हे टाळता येतं. कॅमेरा बंद करण्याआधी दूरच्या वस्तूवर एकदा फोकस करा, म्हणजे नळी आत जाते. हूड बाहेरच्या स्थिर कड्यावर बसणारा घ्या. फिल्टरच्या आट्यांवर चढणारा हूड नळीबरोबरच हलतो आणि धक्का आत पोहोचवतो.

बाकी स्पेसिफिकेशन सगळ्यांना ठाऊक आहेत. खरा प्रश्न ३५ सेंटिमीटरचा आहे. याहून जवळच्या वस्तूवर ही लेन्स फोकस करत नाही. किमान फोकस अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजत नाहीत. कॅमेऱ्यावर गोलातून आरपार रेघ गेलेली खूण असते, तिथे चित्र टिपणारा सेन्सर असतो आणि अंतर तिथून धरतात. म्हणजे लेन्सपुढे उरतात साधारण २६-२७ सेंटिमीटर. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) इतक्या जवळून चौकटीत सुमारे ११ सेंटिमीटर रुंदी मावते. मांजराचा पंजा ३ सेंटिमीटर धरला, तर तो चौकटीचा तिसरा हिस्साही भरत नाही. मिशांची मुळं, नाकावरची खरबरीत कातडी, पंजाच्या गाद्यांमधले केस हेच तर रोज नव्याने दिसतं, आणि तिथेच ही लेन्स हात टेकते.

यावर उपाय म्हणून १२ एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावून पाहिली. तिच्यात काच नसल्यामुळे दर्जा फारसा बिघडत नाही आणि चौकट ५ सेंटिमीटरपर्यंत खाली येते. पण ट्यूब असेपर्यंत सेन्सरपासून साधारण ३२ सेंटिमीटरच्या पलीकडे फोकसच होत नाही. मांजर गाढ झोपलेलं असेल तर ठीक. ते उठून दोन पावलं चाललं, की ट्यूब काढेपर्यंत क्षण गेलेला असतो.

चौथ्या महिन्यापर्यंत मत असं होतं, की घरच्या फोटोंसाठी ही लेन्स चुकीची आहे. ते आता बदललं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा मधला तिसरा हिस्सा कापून घेतला तरी रुंदीत २००० पिक्सेल उरतात. २० सेंटिमीटर रुंद प्रिंटला तेवढे पुरतात. मग फोटो फसत का होते? दोष अंतरापेक्षा एफ/१.८ चा, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवण्याचा जास्त होता (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं). क्रॉप सेन्सरवर अर्ध्या मीटरवरून एफ/१.८ ला स्पष्टतेची पट्टी जेमतेम ६ मिलिमीटर असते. डोळा स्पष्ट आला तर नाक गेलं. एफ/४ ला ती १४ मिलिमीटरच्या आसपास जाते. मागे सरून एक मीटरवरून एफ/२.८ ठेवलं तर ४ सेंटिमीटर मिळते, आणि मांजराचे डोळे-नाक त्यात बऱ्यापैकी बसतात. लांब तोंडाच्या कुत्र्याचं नाक सोडून द्या, जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवा.

शटर झोपलेल्यासाठी १/१२५ सेकंद, चालत्यासाठी १/५००, धावत्यासाठी १/१०००. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. थोडा रवाळपणा चालतो, हललेला डोळा चालत नाही. काळ्या मांजरावर कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो आणि केस राखाडी होतात, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ-गडद हवा ते ठरवणारं सेटिंग) −२/३ ते −१ ठेवा. पांढऱ्यावर उलट, +२/३ पासून सुरू करा. सपाट काळ्या केसांवर फोकस भिरभिरतो, कारण त्याला कॉन्ट्रास्ट सापडत नाही. डोळ्यातली खिडकीची चमक पकडली की लगेच बसतो. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरने जनावर दचकत नाही, पण काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडव्या पट्ट्या येतात. तिथे मेकॅनिकल शटरच वापरा. फ्लॅश नकोच. डोळ्यांमागच्या परावर्तक थरामुळे बुबुळं हिरवी-पिवळी चकाकतात.

रोज काय टिपायचं, याला या लेन्सने चांगलं वळण लावलं. झूम नसल्यामुळे जागा ठरवून बसावं लागतं. त्यासाठी जमिनीवर पडणारा उन्हाचा कवडसा पुरतो. खिडकीपासून दोन मीटरवर तो तासाभरात साधारण अर्धा मीटर सरकतो आणि मांजर झोपेतच त्याच्यामागे सरकत जातं. तोंडं, पाठी, शेपट्या सगळं त्याच एका जागी मिळतं. एक्स्पोजर उन्हातल्या केसांवर लॉक करा, मागची खोली आपोआप काळी पडते. आणि ते उठून गेलं की अंथरुणावर उरलेला खळगा विसरू नका. तिरप्या उजेडात त्याच्या कडांवर अडकलेला एकेक केस दिसतो, आणि तिथे एफ/५.६ लागतंच.

एकदा नळी अडकली म्हणून झूमकडे जाणार नाही. दुरुस्तीवर पैसे न घालवता हीच लेन्स नवी घ्यायची ठरवली आहे, या वेळी हूडसकट. ट्यूब ज्याला हवी त्याने न्यावी.