आधी एक घराणं, की सुरुवातीपासून अनेक?

ख्याल, म्हणजे हिंदुस्तानी शास्त्रीय गायनाचा एक प्रकार, शिकणाऱ्याला स्वतःची गायकी शोधायला दोन वाटा दिसतात. एका घराण्यात, म्हणजे गाण्याच्या एका परंपरेत, मुरून मग बाहेर डोकवायचं, किंवा पहिल्यापासून भावेल ते टिपत जायचं.

पहिल्या वाटेचं ठळक उदाहरण किशोरी आमोणकर. आई मोगूबाई कुर्डीकरांकडून जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम मिळाली. या गायकीत आलाप, म्हणजे रागाचा स्वरविस्तार, सुद्धा लयीला धरून चालतो. किशोरीताईंनी पुढे तोच आलाप संथ केला, एकेका स्वरावर रेंगाळल्या. त्या घराण्यापासून दूर गेल्याची टीका झाली, पण मला तर त्या मोकळिकीतही तालमीचा पाया स्वच्छ ऐकू येतो.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण कुमार गंधर्व. ते लहानपणी बुजुर्गांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गायचे. मग मुंबईत बी. आर. देवधरांकडे अनेक घराण्यांचं गाणं कानावर पडलं. क्षयामुळे देवासला गाणं थांबलं, तेव्हा माळव्याची लोकगीतं ऐकली आणि त्यांतून धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग आले.

ही वाट भुरळ घालते, पण तिथे देवधर मास्तरांसारखा चौफेर गुरू हवा. नाहीतर नुसत्या नकला साठतात. म्हणून माझा कौल पहिलीला. यमन, भूप हे राग एकाच गुरूकडे घोटावेत. तोवर यूट्यूबवरून हरकती, म्हणजे स्वरांच्या छोट्या नक्षीदार जागा, उचलू नयेत.