विश्रामबागची अभ्यासिका आणि तीन रविवारचे टोनी डिब्रम

सहा महिने झाले मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला सांगलीत विश्रामबागच्या एका अभ्यासिकेत बसतेय, बऱ्याच जणींनी मेसेज करून विचारलं कशी आहे, म्हणून एकदाच सगळं लिहिते. महिना ९०० रुपये, लॉकरचे १०० वेगळे, सकाळी ६ ते रात्री ११, मुलींचा हॉल वेगळा, प्रत्येक टेबलाला दिवा आणि चार्जिंग पॉइंट. खुर्च्या बऱ्या आहेत. लाईट गेली की इन्व्हर्टर तासभर कसाबसा टिकतो, मे महिन्यात त्याचा फार त्रास झाला आणि दोनदा सांगूनही अजून बॅटरी बदललेली नाही. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते, असल्या अभ्यासिका सांगलीत गल्लोगल्ली आहेत.

लिहायचं कारण आहे रविवार. त्याच फीमध्ये रविवारी सकाळी दीड-दोन तास एक निवृत्त प्राध्यापक आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतात. त्यांची पद्धत अशी की एका माणसाची अख्खी कारकीर्द घ्यायची आणि तिच्यातनं विषय उलगडत न्यायचा. जूनमधले तीन रविवार त्यांनी टोनी डिब्रमना दिले, म्हणजे मार्शल आयलंड्सचे माजी परराष्ट्रमंत्री. पॅसिफिकमधला देश, जमीन सगळी मिळून १८१ चौरस किलोमीटर, लोक साधारण ४२ हजार, आणि आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतच २०११ ला ५ लाख माणसं होती. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग कुरकुरला, मागनं एकानं विचारलंच, सर हे परीक्षेला येणार का. सर म्हणाले, बस तर खरं.

सुरुवात त्यांनी १ मार्च १९५४ पासनं केली. डिब्रम ९ वर्षांचे, लिकिएप बेटावर आजोबांबरोबर मासे धरत होते, आणि चारशेहून जास्त किलोमीटरवर बिकिनी बेटाला अमेरिकेनं हिरोशिमाच्या हजारपट ताकदीचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. आधी डोळे दिपवणारा पांढरा झोत, मग सगळं आकाश लाल, काचेच्या वाडग्याखाली बसलोय आणि वरनं कोणी रक्त ओततंय असं वाटलं, असं ते पुढं आयुष्यभर सांगत राहिले. १९४६ ते १९५८ मध्ये त्या बेटांवर ६७ चाचण्या झाल्या. आणि ही बेटं १९४७ पासनं संयुक्त राष्ट्रांनी सांभाळायला म्हणून अमेरिकेकडं सोपवलेली, हे सरांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. विश्वस्त प्रदेश हा शब्द मी तीन वर्षं नुसता पाठ करत होते, त्या दिवशी त्याचा अर्थ कळला.

मधली वर्षं सरांनी भराभर घेतली: कॉलेजची पदवी घेणाऱ्या पहिल्या काही मार्शली लोकांपैकी एक, मग स्वातंत्र्यासाठी अमेरिकेशी वाटाघाटी, १९७९ ला परराष्ट्रमंत्री, १९८६ चा अमेरिकेशी मुक्त सहयोगाचा करार, १९९१ ला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व, २००८ ला पुन्हा मंत्री, २०१४ ला तिसऱ्यांदा.

दुसरा रविवार मात्र मी कधी विसरणार नाही. एप्रिल २०१४ मध्ये या देशानं अण्वस्त्रं असलेल्या ९ देशांविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज केले, आणि त्यात आपला भारत पण होता. पैसे मागितले नव्हते, मागणं एवढंच की निःशस्त्रीकरणाची बोलणी प्रामाणिकपणे करा. न्यायालयाचं अधिकारक्षेत्र आधीच मान्य केलेले देश तीनच, ब्रिटन, भारत, पाकिस्तान, म्हणून खटले त्यांच्यावरच पुढं गेले. सरांनी वर्गाचे दोन भाग केले आणि मला भारताच्या बाजूला बसवलं. मी मनापासून बाजू मांडली, आपण एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर, सहीच केलेली नाही, निःशस्त्रीकरणाच्या ठरावांना आपण संयुक्त राष्ट्रांत मत देत आलोय, आणि या देशाशी आपला वाद तरी कुठं होता. मग समोरच्या बाजूची एक मुलगी उठली आणि तिनं फक्त एवढं सांगितलं की मार्च २०१६ मध्ये सुनावणीला डिब्रम स्वतः, वयाच्या ७१ व्या वर्षी, हेगला उभे राहिले आणि न्यायाधीशांना ती लहानपणची सकाळ सांगितली. हॉल शांत झाला. निकाल ५ ऑक्टोबर २०१६ चा, दोन देशांत वादच नव्हता म्हणून खटला ऐकता येत नाही, भारताच्या बाबतीत ९ विरुद्ध ७ आणि ब्रिटनच्या बाबतीत ८-८ होऊन अध्यक्षांच्या जादा मतावर. म्हणजे मी जिंकले. तरी घरी जाताना सारखं वाटत होतं की त्या सात न्यायाधीशांचं म्हणणं वाचायला पाहिजे, आणि मी वाचतेय.

तिसरा रविवार पॅरिसच्या हवामान बदल परिषदेचा. डिसेंबर २०१५ मध्ये श्रीमंत आणि गरीब असे दोनच गट पडू द्यायचे नाहीत म्हणून डिब्रमनी आधीपासनं मंत्र्यांना गुपचूप एकत्र आणलं होतं, ती हाय अॅम्बिशन कोअॅलिशन नावाची आघाडी शेवटी शंभरच्या वर देशांची झाली, युरोप आणि अमेरिकेसकट, आणि तापमानवाढ १.५ अंशांवर रोखण्याचा उल्लेख करारात आला. भारत आणि चीन त्या गटात नव्हते, आपला मुद्दा आधी ज्यांनी धूर सोडला त्यांनी आधी भरावं हा होता, आणि तो मला आजही बरोबर वाटतो. पण समुद्रसपाटीपासून दोन मीटरवर राहणाऱ्यांना तेवढा वेळ नाही हेही खरं. आमचं घर गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये इर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आम्ही आजीला खांद्यावर घेऊन बाहेर काढलं, पण पाणी उतरल्यावर परत यायला आम्हाला घर होतं.

या रविवारी एक उणीव राहिली. २०१५ च्या निवडणुकीत डिब्रम स्वतःच्या मतदारसंघात हरले, हे सरांनी पाच मिनिटांत उरकलं. जगात एवढं नाव झालेला माणूस घरच्या लोकांच्या मतांत का मागं पडतो, यावर अख्खा तास हवा होता. ऑगस्ट २०१७ मध्ये ते गेले हे तर जाता जाता सांगितलं.

सेवा म्हणून बोलायचं तर नोट्स सरांच्या हस्ताक्षरातल्या, झेरॉक्स फिकट येते, रेकॉर्डिंग मिळत नाही, रविवार चुकला की चुकला. याआधी मी दुसऱ्या शहरात याच्या दहापट फी भरून चालू घडामोडींचा क्लास केला, तिथं छापील पानं वाचून दाखवायचे आणि त्यातलं आज एक पान आठवत नाही. मेन्सच्या, म्हणजे मुख्य परीक्षेच्या, आंतरराष्ट्रीय संबंध असलेल्या दुसऱ्या पेपरची तयारी करणाऱ्यांनी इथं नक्की या. प्रीलिम एका महिन्यावर असेल तर रविवार सोडून बाकी दिवस बसा, तो वेळ सरावाला द्या.

रविवारचा वर्ग साडेसातला सुरू होतो, पण फळ्याजवळची जागा हवी असेल तर सातच्या आत पोचा आणि वही दोनशे पानी आणा.