एआय अ‍ॅप-मेकर की कोडिंग क्लास? बेळगावच्या उद्यमबागेतल्या जॉबवर्कवाल्याचा रिव्ह्यू

दोन्हीवर पैसे घातलेत म्हणून दोन्हीचा रिव्ह्यू एकत्रच टाकतोय. एक म्हणजे ते टूल, काय पाहिजे ते साध्या भाषेत टाईप करायचं आणि एआय अ‍ॅप बनवून देतं, महिन्याचं भाडं डॉलरात कटतं. दुसरा टिळकवाडीतला संध्याकाळचा कोडिंग क्लास. नावं घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते त्या जातीच्या बहुतेक टूलना आणि निम्म्या क्लासांना लागूच आहे.

आमचं उद्यमबागेत लहान मशीन शॉप. फाउंड्रीकडून कास्टिंग म्हणजे ओतीव भाग येतो, टर्निंग-ड्रिलिंग करून चलनावर, म्हणजे मालासोबतच्या चिठ्ठीवर, परत जातो. आले किती, गेले किती, शिल्लक किती, रिजेक्ट किती हा सगळा हिशोब वहीत, आणि सुपरवायझर जत्रेला गावी गेला की वही कुठल्या ड्रॉवरला आहे हेच कुणाला माहीत नसतं. जीएसटीत जॉबवर्कला दिलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर पाठवणाऱ्याने तो विकलाच असं धरतात, म्हणून पार्टी पण सारखी फोन करून शिल्लक विचारते. तर अ‍ॅप हवं होतं ते एवढ्यासाठीच.

टूलबद्दल आधी चांगलं सांगतो, कारण खरंच चांगलं आहे. सकाळी टाईप केलं, संध्याकाळच्या चहाला अ‍ॅप तयार. लॉगिन, एन्ट्री, पार्टीवार शिल्लक, आणि कुणी न मागितलेला रंगीत चार्ट पण. कास्टिंगमध्ये ब्लो होल म्हणजे हवेचं भोक निघालं तर रिजेक्शन फाउंड्रीच्या नावावर आणि आमच्याकडून माप चुकलं तर आमच्या नावावर, हे एकदा सांगितलं तर त्याने दोन वेगळे कॉलम करून दिले. हेच काम बाहेरून करून घेतलं असतं तर नुसतं कोटेशन यायला महिना गेला असता.

घोळ झाला तो बिलात. आमच्या निम्म्या पार्ट्या इकडच्या, निम्म्या महाराष्ट्रातल्या, शिरोली, गोकुळ शिरगाव, चंदगडकडच्या. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र. आम्ही कर्नाटकात, म्हणून २९ वाल्याला सीजीएसटी-एसजीएसटी म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा टॅक्स अर्धा अर्धा, आणि २७ वाल्याला आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बिलाचा एकच टॅक्स. टूलने सगळ्यांनाच अर्धं अर्धं लावलं. आणि गंमत बघा की, टोटल तेवढीच येते! त्यामुळे बिल बघून कुणालाच संशय येत नाही, अकाउंटंटने रिटर्न भरायला घेतलं तेव्हा कळलं. टूलला सांगितलं तर “तुमचं अगदी बरोबर आहे, दुरुस्त केलं” म्हणालं, आणि दुरुस्त करताना चलनाचे नंबर परत एकपासून सुरू करून ठेवले. ते सांगितलं, परत “अगदी बरोबर”. प्रत्येक “अगदी बरोबर”ला क्रेडिट, म्हणजे प्लॅनमधला वापराचा कोटा, कटतंय, आणि क्रेडिट संपलं की महिनाअखेरपर्यंत गप्प बसायचं नाहीतर वरचा प्लॅन घ्यायचा.

आता क्लास. सर माणूस चांगला, कन्नड-मराठी मिसळून शिकवतात, समजतं. पण सुरुवात सी भाषेपासून, ती पण टर्बो सी नावाच्या जुनाट सॉफ्टवेअरच्या निळ्या स्क्रीनवर, आणि मग स्टारचे पिरॅमिड छापत बसायचं. व्हीटीयूची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाची, परीक्षा देणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग असेल, शॉप चालवणाऱ्याला डेटाबेस पाहिजे आणि तो विषय पार शेवटाला ढकललेला. पार्किंग शून्य. वर्षभराचं टूलचं भाडं आणि क्लासची फी, दोन्ही आसपासच जातात.

तरी पण क्लासला मी टाकाऊ म्हणणार नाही. कारण इफ, लूप, फंक्शन एवढं डोक्यात बसल्यावर त्याच अ‍ॅपचा कोड उघडून बघितला तर टॅक्सची ओळ सापडली की. भाषा वेगळी होती, जावास्क्रिप्ट, पण इफ तो इफच. राज्य बघायची अटच तिथे नव्हती. पहिले दोन आकडे २९ असले तर हे, नाहीतर ते, एवढंच घालायचं होतं. आणि टूलला “टॅक्स चुकतोय” असं मोघम सांगण्याऐवजी “या फंक्शनमध्ये ही अट घाल, बाकी कशाला हात लावू नको” असं सांगितलं तर एका झटक्यात झालं.

उद्यमबागेतल्या माणसाला हे नवीन नाही. सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा, प्रोग्राम आता कॅम सॉफ्टवेअरच काढून देतं, हाताने कोण लिहीत बसतंय. पण त्यात जी वन या आदेशाच्या जागी जी झिरो पडला असेल तर कापायचं हत्यार फीडने, म्हणजे कापायच्या सावकाश वेगाने, न जाता रॅपिडने, म्हणजे भरधाव, जॉबवर जाऊन आदळणार, आणि हे वाचता येणारा ऑपरेटर सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ थांबवत, चालवून आधीच पकडतो. नुसतं स्टार्ट बटण दाबणारा आणि हा, दोघांचा पगार सारखा नसतो.

२०२५ च्या जुलैमध्ये रेप्लिट या असल्याच एका टूलच्या एआय एजंटने अमेरिकेतल्या एका उद्योजकाचा चालू डेटाबेस उडवला, काही बदलू नको असं सांगून ठेवलेलं असताना. कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली म्हणे, पण माफीने आमचं चलन परत येणार आहे काय? म्हणून कुठलंही टूल घ्या, पण रोजचा डेटा वेगळा एक्सपोर्ट करून ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या कॉपीवरच करा.

भाचा डिप्लोमाला आहे, तो म्हणतो “मामा, एआय करतंय की सगळं, शिकून काय करणार?” त्याला क्लास लावायला सांगितलंय, पण हा नाही. घरी बसून हार्वर्डचा सीएस५० हा कोडिंगचा कोर्स बघ, फुकट आहे, आणि त्यात सी, पायथन, एसक्यूएल सगळं येतं. इंग्लिश जड गेलं तर विचार. किराणा दुकान, टिफिन, ट्युशनवाल्यांनी मात्र कोडिंगच्या नादाला लागूच नका, गुगल शीट आणि त्यावर कोड न लिहिता अ‍ॅप बनवायचं गुगलचंच अ‍ॅपशीट, बास झालं. जिथे टॅक्स, पैसे किंवा दुसऱ्याचा माल आहे तिथे मात्र घरातल्या एकाला तरी कोड वाचता आलाच पाहिजे.

मार्क द्यायचे तर टूलला पाचातले साडेतीन, क्लासला अडीच, अर्धा सरांच्या स्वभावाचा. सबस्क्रिप्शन चालू ठेवलीय, क्लासची पुढची बॅच घेणार नाही.

एक अडलंय अजून. चलनाच्या पीडीएफमध्ये मराठी नावं चौकोन चौकोन येत होती, देवनागरी फॉन्ट आत घातल्यावर चौकोन गेले पण जोडाक्षरं तुटतात, आणि कन्नडचे ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरात खाली लागणारी अक्षरं, तर कुठेही जाऊन बसतात. आमच्या निम्म्या पोरांना कन्नडच वाचता येतं. कुणी जमवलं असेल तर सांगा, टूल तर “अगदी बरोबर”च म्हणतंय.