भिंतीतली इलेक्ट्रिक फायरप्लेस : अकरा महिन्यांचा वापर आणि एक बंद पडलेली मोटर

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या इलेक्ट्रिक फायरप्लेसमधल्या, म्हणजे काचेमागे उजेडाच्या खोट्या ज्वाळा दाखवणाऱ्या हीटरमधल्या, ज्वाळा थांबल्या. उजेड होता, हीटरही चालू होता, पण काचेमागे नारिंगी रंगाचा एक डाग नुसता उभा. त्याआधी तीन आठवडे आतून 'कट्, कट्' असा आवाज यायचा आणि मला वाटायचं, कौलांवरून कुठेतरी पाणी ठिबकतंय. पुढचे दोन महिने कंपनीने जो मनस्ताप दिला, त्यामुळे हे लिहायला बसलो. मार्चमध्ये लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं.

आम्ही पाचगणीत राहतो. घर जुनं, जांभ्याच्या भिंतींचं, कौलारू. इथल्या जुन्या बंगल्यांत लाकडं जाळायच्या खऱ्या फायरप्लेस आहेत आणि तशी एक आपल्या पुढच्या खोलीत असावी असं मला फार वर्षं वाटत होतं. पण आईला दमा आहे, घरात धूर चालत नाही. धुराड्यातून पावसाळ्यात पाणी येतं ते वेगळंच. शिवाय महाबळेश्वर-पाचगणीचा हा सगळा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथे राहून थंडीभर लाकूड जाळणं मला पटत नाही. कोळशाची शेगडी आम्ही आधीच बंद केली होती, कारण दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वासही नसतो. म्हणून गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी ३८,००० रुपये मोजून ४२ इंची, ७५० आणि १५०० वॅटचं, भिंतीत बसणारं मॉडेल घेतलं.

आधी उष्णतेबद्दल. दुकानात 'ही जास्त गरम करते' असं सांगतात, ते मनावर घेऊ नका. १५०० वॅटचा हीटर दीड-दोन हजारांचा पंखेवाला असो की भिंतीतला, तासाला दीड युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. आमच्या पुढच्या खोलीला सीलिंग नाही, त्यामुळे गरम हवा सरळ कौलांकडे जाते. डिसेंबरच्या रात्री १२ बाय १५ ची ती खोली १५ अंशांवरून १९ वर यायला पाऊण तास लागायचा. संध्याकाळी व्होल्टेज १९० पर्यंत उतरलं की तर विचारूच नका. व्होल्टेज थोडं उतरलं तरी हीटरची ताकद त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात घटते. १५०० चे जेमतेम हजार-अकराशे वॅट उरतात. थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा भाग) फायरप्लेसच्याच अंगात असल्यामुळे त्याला जवळची गरम हवा आधी कळते आणि तो लवकर बंद करतो. त्याला २४ वर ठेवावं तेव्हा कुठे आईच्या खुर्चीपाशी १९-२० मिळतात.

डिसेंबरचं बिल आलं तेव्हा मी धसकलो. रोज तीन तास म्हणजे साडेचार युनिट, महिन्याचे १३५. आमचा नेहमीचा वापर १८० च्या आसपास, म्हणजे एकूण ३१५. महावितरणचा ३०० च्या वरचा टप्पा लागतो तिथे दर एकदम चढतो. जानेवारीपासून हीटर दोनच तास लावायचा असं ठरवलं आणि २७० वर थांबलो. त्या महिन्यात मी घरच्यांना सांगत होतो की पैसे वाया गेले.

माझं हे मत फेब्रुवारीत बदललं, आणि बदललं ते आईमुळे. थंडी ओसरली होती, हीटर बंद होता, पण ती संध्याकाळी रिमोट घेऊन नुसत्या ज्वाळा लावून बसायला लागली. एकदा म्हणाली, "बंबात जाळ घातला की अस्साच दिसायचा रे. तुझे आजोबा पहाटे तिथंच हात शेकत बसायचे." मग मी प्लगला मीटर लावून पाहिलं. हीटरशिवाय नुसत्या ज्वाळांना १४ वॅट लागतात. रोज पाच तास चालल्या तरी महिन्याला दोन-सव्वादोन युनिट. ३८,००० कशाचे दिले हे मला त्या दिवशी कळलं. ऊब लागेल तेव्हा स्वस्तातला पंखेवाला हीटरही देईल. हा जाळ तो देणार नाही.

पावसाळ्यात दुसरा उपयोग सापडला. जूनपासून इथे भिंतींना ओल धरते, पुस्तकांवर बुरशी चढते, चादरी चार-चार दिवस वाळत नाहीत. दुपारी तासभर ७५० वॅटवर लावलं की खोली कोरडी वाटते. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, पण पाणी खोलीतच राहतं. म्हणून नंतर दहा मिनिटं आतल्या बाजूची खिडकी उघडावी लागते, नाहीतर रात्री तीच ओल परत भिंतीवर बसते. फायरप्लेस पश्चिमेच्या भिंतीत बसवली नाही हे मात्र बरं झालं. ती भिंत जुलैभर पाण्याने निथळत असते. आम्ही आतल्या भिंतीला सहा इंची खोका करून त्यात बसवली आहे.

आणि नेमक्या त्याच खोक्याने घात केला. सुताराने काचेच्या चौकटीवर एक सेंटिमीटर चढवून ग्रॅनाइटची पट्टी चिकटवली होती. दिसायला फार छान दिसत होती. ज्वाळा थांबल्यावर कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, आमचा माणूस भिंतीला हात लावत नाही. युनिट बाहेर काढून ठेवा, मग व्हिजिट लावू." वॉरंटी वर्षाची आणि झाले होते जेमतेम नऊ महिने. मी बिल पाठवलं. त्यावर म्हणे, बसवणी अधिकृत माणसाकडून झालेली नाही, सबब वॉरंटी लागू नाही. विकताना मात्र दुकानदाराने 'कुठलाही सुतार बसवेल' असं तोंडभरून सांगितलं होतं. चार ईमेल झाले. शेवटी ज्वाळांचा अख्खा संच बदलायचे ६,८०० आणि पुण्याहून येण्याचे १,५०० असा आकडा आला. नेमकं काय बिघडलंय, हे त्या दोन महिन्यांत एकानेही विचारलं नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर जरा उघाड मिळाली तेव्हा वाईहून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. पसरणी घाट चढून तो ग्राइंडर घेऊनच आला. आईला आतल्या खोलीत बसवून दार लावलं आणि दोन बाजूंची पट्टी कापली. पट्टीखाली काय निघालं? प्रत्येक बाजूला दोन स्क्रू. ते काढल्यावर काच सुटली, ती गादीवर आडवी ठेवली. आत खाली एलईडीची पट्टी आणि तिच्यापुढे एक आडवी दांडी, दांडीवर चकचकीत पत्र्याची छोटी छोटी पानं. दांडी फिरते, पानांवरून उजेड उडतो आणि मागच्या पडद्यावर त्याच्या ज्वाळा होतात. एवढंच यंत्र. दांडीच्या टोकाला बिस्किटाएवढी मोटर. तिच्यातल्या प्लास्टिकच्या गिअरचे दोन दात झिजून गुळगुळीत झालेले. कट् कट् होत होतं ते तिथे.

"काका, ही कूलरच्या झडपांना असते तसलीच आहे," तो म्हणाला. मोटरवर छापलं होतं, २२०-२४० व्होल्ट, ५/६ आरपीएम. म्हणजे आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला पाच फेरे, ६० हर्ट्झच्या देशांत सहा. दुसऱ्या दिवशी त्याने साताऱ्यात पोवई नाक्याजवळून तशीच आणली, दांड्याची लांबी जुन्या मोटरशी ताडून. १८० रुपये. त्याची मजुरी आणि पट्टी कापायचे मिळून ९००. सगळं बसवून चालू केलं तर आवाज अजिबात नाही. मला आनंद झालाच, पण १८० रुपयांच्या वस्तूसाठी आई दोन महिने त्या विझलेल्या डागासमोर बसली याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून कुणी घेणार असेल तर रंग, इंच, किती तऱ्हेच्या ज्वाळा हे सगळं मागाहून बघा. पहिला प्रश्न हाच विचारा, की काच समोरून उघडते का आणि स्क्रू कुठे आहेत. दुकानदाराला तिथेच उघडून दाखवायला लावा. मोटर आणि एलईडी काचेच्या बाजूने हाताला लागत नसतील तर ते मॉडेल घेऊ नका, कितीही सूट देवोत. अधिकृत माणसानेच बसवायची अट असेल तर बिलावर लिहून घ्या, आणि सुतार काम करत असताना समोर उभे राहा. वायरिंगचं म्हणाल तर १५०० वॅटला साडेसहा अँपिअर लागतात, ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर लावू नका. १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) करून घ्या. इन्व्हर्टरच्या लाइनवरही नको, कुणीतरी चुकून हीटर लावतोच.

ग्रॅनाइटच्या जागी आता सागवानी पट्टी आहे, पितळी स्क्रूंवर. दहा मिनिटांत निघते. तसलीच आणखी एक मोटर आणून टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, बिलासकट.