लोकरीचा गालिचा कशाने धुवावा: लिक्विड, रिठा, शाम्पू की बाहेर धुवायला देणं?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गालिच्यावर हळदीची वाटी कलंडली. मिरझापूरकडचा, हाताने विणलेला, सासूबाईंनी जिवापाड जपलेला गालिचा. मी घाईघाईने कपड्यांच्या पावडरचं पाणी करून फडक्याने टिपायला लागले, तर पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हळदीत चुना घातला की कुंकू होतं ना, तेच झालं हे."

त्यांचं बरोबर होतं. चुना काय नि पावडरमधला सोडा काय, दोन्ही अल्कधर्मी, आणि हळद अल्कलीत लाल होते. व्हिनेगरच्या पातळ पाण्याने टिपल्यावर लाल डाग पुन्हा पिवळा झाला. मग तो भाग रोज सकाळी थोडा थोडा वेळ उन्हात ठेवला आणि पिवळेपणा बराचसा उडाला, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. पण गालिचा धुवायला काय घ्यायचं, याची कसोटी मला त्या दिवशी मिळाली. दिवाळीची साफसफाई जवळ आली की सोसायटीत कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

लोकर म्हणजे प्रथिन, आपल्या केसांसारखंच. अल्कलीने तिचा तंतू फुगतो, खरखरीत होतो, पिवळा पडतो आणि रंग सुटायला लागतो. सौम्य आम्ल मात्र तिला चालतं. हे मोजायचा आकडा म्हणजे सामू (pH): 7 म्हणजे तटस्थ, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली. आपल्या नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फवारणीच्या पाण्याचा सामू ते बघतातच. लोकरीसाठी तो साधारण 5 ते 8 मध्ये असावा. कपड्यांच्या पावडरच्या पाण्याचा 10 ते 11 असतो, धुण्याच्या सोड्याचा त्याहूनही वर जातो. 8 आणि 10 हे आकडे जवळचे वाटतात, पण सामूची प्रत्येक पायरी दहापटीची आहे, म्हणजे इथे फरक शंभरपट.

आता ती कसोटी. चिमूटभर हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा, पांढरा टिश्यू त्यात बुडवून वाळवा. (पाण्यात हळदीचा रंग नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतो.) जे काही वापरायचं आहे ते वापराल तेवढंच पातळ करा आणि त्याचा एक थेंब कागदावर टाका. शेजारी नुसत्या पाण्याचा एक थेंब टाका, म्हणजे तुलना होते. हळद साधारण सामू 8 च्या आसपास रंग बदलायला लागते, म्हणजे जिथे लोकरीचा धोका सुरू होतो तिथेच. थेंब लाल-तपकिरी झाला तर ती बाटली गालिच्याला लावू नका. या कसोटीला एक मर्यादा आहे: ती फक्त अल्कली पकडते. एन्झाइम पकडत नाही, जहाल आम्लही पकडत नाही. तेवढ्यासाठी लेबल वाचावंच लागतं.

त्याआधी गालिचा खरोखर लोकरीचा आहे ना, हेही बघून घ्या. कडेचा एक धागा उपटून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि चुरगळणारी काळी राख राहिली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर, आणि मग यातली निम्मी काळजी तुम्हाला करायची गरजच नाही.

घरात असतं ते आधी बाजूला काढू. कपड्यांची पावडर नकोच: सोडा तर असतोच, शिवाय बऱ्याच पावडरींमध्ये प्रोटीएज हे एन्झाइम असतं. ते रक्ताचे, दुधाचे डाग काढतं ते प्रथिन तोडून, आणि लोकर प्रथिनच आहे. डाग काढायच्या ऑक्सिजनवाल्या पावडरी कापसाला छान, पण त्याही अल्कधर्मी. डब्यामागची बारीक अक्षरं वाचा, लोकर आणि रेशीम बहुधा वगळलेलं असतं. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं. मिश्र कापडात लोकर किती आहे, ते प्रयोगशाळेत याच गुणावरून मोजतात. आणि ब्लीच व व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

म्हणजे खरी निवड उरते ती लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं लिक्विड, म्हणजे ईझीसारखं, आणि रिठा यांत.

रिठ्यावर माझा जीव आहे. आमच्याकडे शाली त्यानेच धुतात. फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिनमुळे, आणि पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणजे लोकरीच्या बाजूचं. आणखी एक गुण बोअरच्या पाण्यात कळतो. जड पाण्यात साध्या साबणाचा चिकट साका होतो आणि तो लोकरीत अडकून बसतो. रिठ्याचं तसं होत नाही. पण गालिचा म्हणजे शाल नव्हे. शाल बादलीत बुडवून चारदा खळबळता येते, गालिच्यातून रिठा पूर्ण काढणं अवघड. त्याचं पाणी तपकिरी असतं आणि फिक्या रंगावर तशीच झाक राहू शकते. ते घरी उकळून काढलेलं असल्याने दर वेळी कमी-जास्त तीव्र होतं, दोन-तीन दिवसांत आंबतंही. दाट मरून, निळ्या गालिच्याच्या एखाद्या कोपऱ्याला मी रिठा बिनधास्त वापरीन. बदामी किंवा पांढऱ्या गालिच्याला नाही.

लिक्विडचा सामू तटस्थाच्या जवळ असतो, जड पाण्यातही ते नीट काम करतं, आणि मुख्य म्हणजे मोजून घेता येतं. एक लिटर पाण्याला एक छोटा चमचा पुरतो. जास्त घातलं तर उरलेला चिकटपणा धूळ धरतो आणि गालिचा आधीपेक्षा लवकर मळतो. माझी निवड हीच. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर लावून पांढरा ओला फडका दोन मिनिटं दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर घरी धुणं तिथेच थांबवा. रंग नाही लागला तर डाग कडेकडून आत टिपत जा, घासू नका. घासलं की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंतून नमदा होतो. शेवटी लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून त्याने टिपा, मग साध्या पाण्याने. व्हिनेगर मळ काढत नाही, ते मागे राहिलेली अल्कली मारतं. चहाच्या डागावरही ते बरं. याहून जास्त मात्र घालू नका, कारण हाताने विणलेल्या गालिच्याचा ताणा (आतले उभे धागे) बहुधा सुती असतो आणि जहाल आम्ल सुताला खातं. टॉयलेट क्लीनर याच कारणाने गालिच्याच्या जवळपासही नको.

दुकानातल्या कार्पेट शाम्पूबद्दल सरसकट सांगता येत नाही. बरेच शाम्पू नायलॉनच्या गालिच्यांसाठी बनवलेले असतात. वूलसेफचा शिक्का असेल तर उत्तम, कारण तो लोकरीवर तपासलेल्या मालालाच मिळतो. नसेल तर हळदीचा कागद.

पेट्रोल, टर्पेंटाइनसारखी द्रव्यं लोकरीला त्रास देत नाहीत, पण गालिचा उलटून बघा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड आहे, आत लॅटेक्सचा डिंक आहे, आणि तो या द्रव्यांनी सुटतो. बंद घरात आगीची भीती आहेच. हा प्रकार घरी करूच नये.

आता पाणी. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल शोषूनही हाताला कोरडी वाटते, त्यामुळे वरून सुकलेला गालिचा आत दमटच असतो. पाठीला ताग असेल तर ती ओल तपकिरी डाग घेऊन वर येते. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या हवेत पूर्ण गालिचा घरी भिजवणं म्हणजे कुबट वासाला आमंत्रण. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. सावलीत, वारा लागेल असा, खालून हवा खेळेल असा पसरा. दोऱ्यावर टांगू नका, ओल्या वजनाने विणकाम ताणलं जातं.

सगळा गालिचा मळला असेल किंवा रंग सुटत असेल, तर घरचे प्रयोग सोडून धुवायला द्या. मात्र आधी विचारा: लोकरीला वेगळं द्रव्य वापरता का, त्याचा सामू किती, शेवटी आम्लाचं पाणी देता का, आणि वाळवता कुठे, किती दिवस. आमचा एक छोटा गालिचा मी न विचारता दिला होता. तो स्वच्छ होऊन आला, पण किनारीचा लाल रंग पांढऱ्या फुलांत उतरलेला आणि लोकर काथ्यासारखी. ती मऊ परत झाली नाही. तेव्हापासून बाटलीतलं थोडं मागून घेते आणि त्यांच्या दारातच हळदीच्या कागदावर थेंब टाकते. चांगले कारागीर यावर रागावत नाहीत. एकाने तर तो कागद कसा करायचा, तेच मला विचारून घेतलं.