सस्पेन्शन गेलेली गाडी विकायचीय: आधी दुरुस्ती करावी की आहे तशी द्यावी?

दहा-बारा वर्षांची हॅचबॅक विकायला काढावी आणि मेकॅनिकने लिफ्टवर घेऊन सांगावं, "पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत, लोअर आर्मचे बुश फाटलेत, लिंक रॉड वाजतायत." म्हणजे चाकांना गाडीशी जोडणारी आणि खड्ड्यांचे धक्के झेलणारी सस्पेन्शनची यंत्रणा झिजलीय: शॉकअप धक्के शोषतात, लोअर आर्म हा चाक धरून ठेवणारा खालचा दांडा, बुश त्याच्या सांध्यातलं रबर. खर्च पंधरा हजारांच्या आसपास. घरात यावर लगेच दोन पक्ष पडतात. जाणाऱ्या गाडीवर कशाला पैसे घालायचे, असं एकाचं म्हणणं. खडखडणारी गाडी घेणार कोण, हा दुसऱ्याचा प्रश्न. दोघांचंही बरोबर असतं, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळं गिऱ्हाईक असतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक भाव पाडतं तेव्हा त्यात दुरुस्तीचा खर्च थोडा आणि संशय जास्त असतो. त्यामुळे समोरच्याचा संशय कमीत कमी पैशांत कसा फिटेल, एवढंच बघायचं.

गाडी डीलरला, एक्स्चेंजमध्ये किंवा ऑनलाइन खरेदी करणाऱ्या कंपनीला द्यायची असेल, तर दुरुस्ती करू नका. डीलरचं गॅरेज ठरलेलं असतं, पार्ट घाऊक भावात येतात, मजुरीही त्याला स्वस्त पडते. तुमच्या पंधरा हजारांचं काम त्याचं दहाच्या आत होऊ शकतं. शिवाय तो भाव लावतो ते मॉडेलचं वर्ष, किलोमीटर, कितवा मालक, विमा आणि अपघाताचा इतिहास बघून. नवे शॉकअप टाकलेत म्हणून तो पंधरा हजार वर चढवेल, ही आशा सोडा. मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. गॅरेजकडून पार्टनिहाय कोटेशन लिहून घ्या आणि ते पुढे करा. समोरचा "सस्पेन्शनचं मोठं काम आहे, चाळीस कापतो" म्हणाला, तर बोलणी पंधराच्या आकड्याशी परत आणायला तो कागद उपयोगी पडतो. कोटेशनला खर्च जवळजवळ नसतो, आणि या व्यवहारात सगळ्यात जास्त तेच कमावून देतं.

थेट घरगुती गिऱ्हाइकाचं गणित उलटं. बहुधा त्याची ती पहिलीच गाडी. सोबत भाऊ, मेहुणा किंवा ओळखीचा मिस्त्री येतो. इंजिनातलं त्यांना फारसं कळलं नाही तरी पहिल्या स्पीडब्रेकरवर झालेला "थाड" आवाज सगळ्यांनाच कळतो. तिथे डोक्यात शिरलेली शंका सस्पेन्शनपुरती राहत नाही. गाडी ठोकलेली असेल का, इथपर्यंत ती जाते. ही शंका अगदीच बिनबुडाची नसते, कारण पुढून जोरात धडक बसली की लोअर आर्म आणि स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र खांब) वाकतात. अशा वेळी माणूस घासाघीसही करत बसत नाही. "घरी विचारून सांगतो" म्हणतो आणि परत फोन करत नाही.

समजा, धडधाकट असती तर गाडी थेट गिऱ्हाइकाला तीन लाखांना आणि डीलरला अडीच लाखांना गेली असती. पंधरा हजार घालून थेट विकली तर हाती दोन लाख पंच्याऐंशी. आहे तशी डीलरला, कोटेशन दाखवून, दिली तर दोन तीस ते दोन पस्तीस. आहे तशी थेट विकायला काढली, तर कागदावर दोन ऐंशीही दिसतील, पण ती रक्कम देणारा माणूस भेटेपर्यंत आठवडे जातात. तेवढ्यात डिसेंबर संपला, तर नव्या वर्षात गाडी एका वर्षाने जुनी धरली जाते आणि भाव आपोआप उतरतो. दुरुस्ती करून डीलरला दिली, तर हाती फार तर दोन पस्तीस, म्हणजे दुरुस्तीची खटपट वाया; या चारांतला हा आतबट्ट्याचा व्यवहार. नेमका तोच बरेच जण करतात, कारण दुरुस्ती आधी होते आणि गिऱ्हाईक कोण हे नंतर ठरतं.

हे सगळं सरसकट "सस्पेन्शन" या एका शब्दाखाली घेऊन मात्र चालत नाही. स्टॅबिलायझर (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा), त्याचे बुश आणि त्याला जोडणारे लिंक रॉड हे स्वस्तातलं काम. लहान खड्ड्यांवरची बारीक खडखड बहुतेक वेळा तिथूनच येते. गाडी कुणालाही विका, एवढं करून टाका. स्टिअरिंग पूर्ण वळवताना कटकट येत असेल, तर स्ट्रट माउंट (स्ट्रटच्या वरच्या टोकाचा रबरी आधार) बघायला सांगा. शॉकअपचं थोडं जपून. बाहेरून नुसता ओलसर थर दिसणं वेगळं आणि तेल ओघळून धूळ चिकटलेली असणं वेगळं. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला की गाडी एकदा वर येऊन बसायला हवी. डुलत राहिली तर शॉकअप गेला. बदलायचे तर एका एक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही, आणि नंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्यायचीच. टायर आधीच खालीवर झिजले असतील, तर नव्या शॉकअपनंतरही त्यांची घरघर येत राहील. मग दुरुस्तीचा खर्च टायरपर्यंत जातो आणि "आहे तशी" देण्याचं पारडं जड होतं.

बॉल जॉइंट (चाकाला लोअर आर्मशी जोडणारा सांधा) ढिला झालाय, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) हलतोय किंवा कॉइल स्प्रिंग तुटलीय, तर नफ्यातोट्याचा हिशोब बाजूला ठेवा. चालत्या गाडीचा बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं. अशी गाडी गिऱ्हाइकाला चालवून बघायला देणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं, आणि धोकादायक दोष माहीत असताना गाडी रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हाही आहे. एक तर एवढं काम करा, नाहीतर गाडी जागेवरून टोइंगनेच जाईल अशा अटीवर विका.

आणखी एक मार्गही बाजारात सुचवला जातो. स्प्रिंगमध्ये रबरी बफर अडकवायचे, भंगारातले शॉकअप टाकायचे, जुन्या स्ट्रटवर काळा रंग मारायचा. दोन-तीन हजारांत गाडी आठवडाभर शांत होते. मला हा प्रकार सगळ्यात महाग वाटतो. गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकने चाकाच्या कमानीत टॉर्च मारला की बफर दिसतो, आणि मग तुम्ही इंजिनाबद्दल खरं सांगितलेलंही तो खोटं धरतो. कायद्याची बाजूही आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दोषाबद्दल नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक होत नाही, पण माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं होते. म्हणून आहे तशी विकताना विक्रीच्या कागदावर एक ओळ घाला: "पुढच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळते व लोअर आर्मचे बुश खराब आहेत, हे खरेदीदारास दाखवले आहे." खाली दोघांच्या सह्या.

विम्यातून करून घेऊ का, हा प्रश्न हमखास येतो. झीज विम्यात बसत नाही. खड्ड्यात आदळून अपघाती नुकसान झालं असेल तर दावा करता येतो, पण पंधरा हजारांसाठी तो करू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो ५० टक्क्यांपर्यंत साठतो आणि नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो. जुनी गाडी विकताना तो घालवणं म्हणजे नव्या गाडीचा हप्ता स्वतःहून वाढवणं.

एअर सस्पेन्शनवाल्या, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेल्या, जुन्या महागड्या गाड्यांचा हिशोब वेगळा. मर्सिडीजची एस-क्लास, ऑडी क्यू७, रेंज रोव्हर या गाड्या सेकंडहँड बाजारात मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळतात, पण पार्टचे भाव मूळ किमतीच्याच तोलाचे राहतात. एकेका एअर स्ट्रटचा खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसली की गिऱ्हाईक चारही स्ट्रट आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर धरून पैसे कापतं. इथे निदानावर खर्च करा, दुरुस्तीवर नंतर. गळती हवेच्या नळीत, व्हॉल्व्हमध्ये किंवा बिघाड नुसत्या रिलेत (कॉम्प्रेसर चालू करणाऱ्या विजेच्या स्विचमध्ये) निघाला, तर तो दुरुस्त करूनच विका. इतक्या थोड्या खर्चात इतका मोठा फरक या गाडीत दुसऱ्या कशाने पडणार नाही. फक्त उशीर करू नका, कारण गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही जळतो. स्ट्रटच गेला असेल, तर निदानाचा कागद लावून आहे तशी द्या. अशा गाड्या घेणारे ठरावीक व्यापारी असतात आणि त्यांना पार्ट कुठून आणायचा ते ठाऊक असतं.

गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असेल, तर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओची तपासणी आणि पर्यावरण कर समोर उभे असतात. नूतनीकरण करून विकणार असाल तर सस्पेन्शन नीट करणं आलंच. स्क्रॅपिंग केंद्रात द्यायची असेल, तर तिथे भाव मुख्यतः वजनावर ठरतो. शॉकअप गळका आहे की कोरडा, हे कुणी विचारणार नाही.